वारीसाठी पिंढऱ्यांची तयारी पाडव्यापासून

आषाढीच्या सुमारास आमच्याकडे एक तक्रार हमखास वाढते. ‘डॉक्टरसाहेब, पिंढऱ्या भरून आल्या, पाऊल टाकवत नाही.’ श्री क्षेत्र नारायणगड, म्हणजे आपली धाकटी पंढरी. तेथून नगद नारायण महाराजांची पालखी पंढरपूरला जाते. तिच्यासोबत शेतात राबणारे चालतात, तसेच वर्षभर दुकानाच्या गादीवर किंवा कचेरीच्या खुर्चीवर बसणारेही चालतात. पडशी, पताका, गोळ्यांची डबी अशी सारी तयारी होते. पायांची तयारी मात्र राहून जाते. पोलीस भरतीच्या मुलांचेही तेच. जाहिरात निघाली की दुसऱ्या दिवशी पहाटे १६०० मीटर धावायला सुरुवात आणि आठवड्यात लंगडत दवाखान्यात! म्हणून आज पोटरीविषयी, म्हणजेच आपल्याकडच्या पिंढरीविषयी, थोडे सविस्तर.

पोटरी म्हणजे काय?

पोटरीत मुख्यतः दोन स्नायू असतात. वरचा, दोन फाके असलेला, उठून दिसणारा स्नायू म्हणजे गॅस्ट्रोक्नेमियस. तो गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडापासून निघतो. त्यामुळे गुडघा सरळ असताना तो पूर्ण जोराने काम करतो. धावणे, उडी मारणे, चढ चढणे ही त्याची कामे. त्याच्याखाली चपटा सोलियस असतो. तो गुडघ्याच्या खालून निघतो, म्हणून गुडघा वाकलेला असला तरी काम करतो आणि लवकर थकत नाही. दिवसभर चालणे व उभे राहणे त्याच्या जोरावर चालते. दोन्ही स्नायू खाली एकाच जाड कंडरेने टाचेच्या हाडाला जोडलेले असतात. ही शरीरातील सर्वांत मजबूत कंडरा होय.

पोटरीचे आणखी एक मोठे काम आहे. पायापर्यंत आलेले रक्त पुन्हा वर चढवायचे असते. प्रत्येक पावलाला पोटरी आवळते, आतल्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. शिरांतील झडपा ते खाली येऊ देत नाहीत. म्हणूनच पोटरीला ‘दुसरे हृदय’ म्हणतात. तासन्‌तास एका जागी उभे राहणारे शिक्षक, दुकानदार, हॉटेलातील कामगार यांचे पाय संध्याकाळी सुजतात, त्याचे एक कारण हेच. हा पंप बंद पडलेला असतो. अशांनी दर अर्ध्या तासाने उभ्या उभ्या २० वेळा टाचा उचलाव्यात.

व्यायाम कसा करावा?

यासाठी व्यायामशाळा लागत नाही. भिंत, पायरी आणि खुर्ची पुरे.

१) टाचा उचलणे : भिंतीला हात टेकून सरळ उभे राहा. गुडघे ताठ ठेवून दोन्ही टाचा सावकाश वर उचला, क्षणभर थांबा आणि तीन अंक मोजत खाली या. भार अंगठ्याच्या बाजूला राहू द्या. पाय बाहेर कलू देऊ नका. १० ते १५ वेळा केल्यावर एक-दोन मिनिटे थांबून पुन्हा करा. असे तीन वेळा. झटके देऊन उड्या मारल्यास स्नायूला काम कमी पडते आणि कंडरेला इजा जास्त होते.

२) बसून टाचा उचलणे : खुर्चीवर बसून गुडघ्यांवर ५ ते १० किलो धान्याची पिशवी ठेवा आणि टाचा उचला. यात सोलियस तयार होतो. वारकऱ्यांनी हा व्यायाम टाळू नये.

३) पायरीवर : दोन आठवड्यांनी पायाचा पुढचा भाग पायरीच्या कडेवर ठेवा. टाच पायरीच्या पातळीखाली जाऊ द्या, मग वर उचला. आधाराला कठडा धरा.

४) एका पायावर : १५ वेळा सहज जमू लागले की एका पायावर करा. तेही सोपे झाले की हातात २-३ किलोची पिशवी घ्या. धडधाकट तरुणाला एका पायावर २५ च्या आसपास जमायला हवे. भरतीच्या मुलांनी आधी ही परीक्षा द्यावी, मग धावावे.

५) ताण देणे : शेवटी भिंतीला हात लावून एक पाय मागे घ्या, टाच जमिनीला टेकलेली ठेवा आणि ३० सेकंद थांबा. एकदा गुडघा ताठ ठेवून, एकदा किंचित वाकवून.

हे आठवड्यातून तीनच दिवस, एक दिवसाआड करावे. स्नायू व्यायामाने थकतो आणि विश्रांतीत वाढतो. सुरुवातीला दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखतात. दोन-तीन दिवसांत ते थांबते. टोचल्यासारखी कळ आली तर मात्र थांबावे. स्नायू काही आठवड्यांत जोर धरतो, पण कंडरेला त्याहून अधिक वेळ लागतो. घाई करणाऱ्यांची टाच दुखते ती यामुळे.

पोटरी दिसायला किती भरेल, हे काही अंशी जन्मजात असते. कोणाचा स्नायू खालपर्यंत असतो, कोणाची कंडराच लांब असते. बारीक पोटरीही बळकट होऊ शकते. महागड्या पावडरीमागे लागण्याची गरज नाही. भाकरीबरोबर घट्ट वरण, मटकी, हरभरे, शेंगदाणे, दूध, चालत असल्यास अंडी रोज असावीत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

गोळा आला तर

चालताना किंवा रात्री पोटरीत गोळा आला तर गुडघा सरळ करून पायाची बोटे आपल्याकडे ओढून धरावीत. गोळा सुटतो. उन्हात घाम फार गेला असेल तर मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस घ्यावे.

हे दुखणे व्यायामाचे नव्हे

‘शीर चढली’ म्हणून तेल लावून पाय चोळून घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. दर वेळी ते सुरक्षित नसते. एकच पोटरी अचानक सुजली, गरम झाली, दाबल्यावर दुखू लागली तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. बाळंतपण, शस्त्रक्रिया, प्लॅस्टर किंवा अंथरुणावर बरेच दिवस पडून राहणे यानंतर ही शक्यता वाढते. अशी पोटरी चोळू नये. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. सूज दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. दम लागला किंवा छातीत दुखले तर थेट मोठे रुग्णालय गाठावे.

ठराविक अंतर चालले की पोटरी दुखते, थांबले की राहते, पुन्हा चालले की पुन्हा दुखते, असे होत असेल तर पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्याची शंका घ्यावी. विडी-सिगारेट ओढणारे आणि मधुमेही यांत हे अधिक आढळते. धावताना टाचेमागे ‘कट्’ असा आवाज होऊन चवड्यावर उभे राहता येईना, तर कंडरा तुटलेली असू शकते. एक दिवसही दवडू नये. लहान मुलाच्या पोटऱ्या जाड दिसतात, पण ते वारंवार पडते, मांड्यांवर हात टेकवत उठते, तर कौतुक न करता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. मधुमेहींनी अनवाणी चालू नये. रोज तळवे तपासावेत.

गुढीपाडव्यापासून पालखी निघेपर्यंत दोन महिन्यांहून अधिक दिवस मिळतात. पायरीवर आठवड्यातून तीन दिवस, पंधरा-वीस मिनिटे काढावीत आणि रोजचे चालणे दर आठवड्याला थोडे वाढवावे. घरातील साठी उलटलेल्यांनीही कठडा धरून पहिले दोन व्यायाम करावेत. वारीला जाणे झाले नाही, तरी न्हाणीघरात पाय सटकला तर तोल सावरायला हीच पोटरी उपयोगी पडते.