माशांची पार्श्वरेषा

गढूळ पाण्यांत मासा खडकावर आदळत नाहीं, याचें कारण काय? रोहू माशाची कूस निरखून पाहिल्यास कल्ल्यापासून शेपटीपर्यंत खवल्यांवरून गेलेली एक बारीक रेषा दिसते. हीच पार्श्वरेषा होय. तिच्या छिद्रांमागें सूक्ष्म केस असलेल्या पेशी असतात. पाणी किंचित् हललें तरी त्या मेंदूस वर्दी देतात.

मेक्सिकोंतील एका गुहावासी माशाचें वर्णन १९३६ सालीं प्रसिद्ध झालें. पिल्लाचे अर्धवट डोळे पुढें त्वचेखालीं लोपतात; तरीहि तो खडक चुकवितो. त्याच्या पोहण्यानें उठलेला प्रवाह अडथळ्यापाशीं बदलतो आणि तो बदल पार्श्वरेषा टिपते.

बालमित्रांनो, मासे ठेवलेल्या काचेच्या पेटीवर टिचकी मारण्यापूर्वीं हें आठवा. आपणांस जी गंमत वाटते, ती त्या मुक्या जिवाच्या अंगावर धक्का होऊन पोंचते.