पाण्याला वाट द्या

मृग नक्षत्र जूनच्या सात-आठ तारखेला लागते. त्याआधी चिंचोटीत घरोघर गडबड असते. कोणी कौले चाळतो, कोणी ताडपत्री आणतो, कोणी लाकूडफाटा पडवीत भरतो. आपण सगळे हे करतोच. तरी श्रावणापर्यंत भिंतीला ओल येते, तांदळाला बुरशी लागते, आणि एखाद्या रात्री एखाद्या घराची भिंत बसते. असे का होते? आज आपण याचाच विचार करू.

आधी आपले गाव कुठे वसले आहे ते पाहा. एका अंगाला तुंगारेश्वरचे डोंगर, दुसऱ्या अंगाला वसईची खाडी. डोंगरावरचे पाणी ओढ्यानाल्यांनी खाडीकडे धावते. आपण त्याच्या वाटेवर राहतो. भरतीला खाडी भरली की पाणी पुढे सरकत नाही, तुंबते. पूर्वी ते भातखाचरांत पसरत असे. आता कित्येक खाचरांवर भराव झाले आहेत. मग ते पाणी घरांकडे वळते.

आता एक हिशेब करू. एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी होते. समजा, आपले छप्पर ६ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद आहे. म्हणजे ३० चौरस मीटर. जुलैत एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस आपल्याकडे नवा नाही. ३० गुणिले १००, म्हणजे ३,००० लिटर. दोनशे लिटरची पंधरा पिंपे! एवढे पाणी एका दिवसात आपल्या एका छपरावरून उतरते, आणि ते पडते कुठे? आपल्याच भिंतीच्या पायाशी.

आमच्या वर्गातल्या एका आजींना आम्ही विचारले, “आजी, पाणी अडवावं कसं?” त्या हसल्या. म्हणाल्या, “अडवताय कशाला? त्याला जायला वाट ठेवा. ते आपलं आपण जातं.”

आजींचे म्हणणे खरे आहे. पाणी घरात तीन बाजूंनी येते : वरून, बाजूने आणि खालून. तिन्हीकडे त्याला वाट द्यायची.

वरून : मे महिन्यात भर दुपारी दारेखिडक्या लावून घरात बसा. छपरातून जिथे उन्हाचा कवडसा पडतो, तिथूनच पाणी येणार. खाली कोळशाने खूण करा. फुटके कौल बदला. पन्हळीतला पाला काढा. पत्र्याचे छप्पर असेल, तर खिळा पत्र्याच्या उंचवट्यावर मारा. खोलगट भागात मारू नका, कारण पाणी तिथूनच वाहते. वर चढताना शिडी धरायला खाली माणूस हवाच.

बाजूने : आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींना झड लागते. तिथे झावळ्यांचे झाप किंवा ताडपत्री बांधा. पण ती भिंतीला चिकटवू नका. वीतभर जागा सोडा. वारा खेळला, तर भिंत सुकते.

खालून : पागोळ्या पडतात त्या रेषेवर खडी पसरा, म्हणजे माती उडून भिंत खचणार नाही. त्यापलीकडे चर खणा. चराचा उतार घरापासून दूर, नाल्याकडे हवा. मात्र आपला चर शेजाऱ्याच्या दारात सोडू नका. आळीतल्या सगळ्यांनी मिळून एकच चर काढावा, हे उत्तम.

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा पुष्कळजण करतात. दिसायला ती पक्की दिसते. पण आत गेलेली ओल सिमेंटमुळे बाहेर येत नाही. भिंत आतल्या आत मऊ होते आणि आपल्याला कळतही नाही. मातीच्या भिंतीला मातीचाच किंवा चुन्याचा गिलावा चांगला.

भिंत फुगली, नवी भेग पडली, किंवा माती झडू लागली, तर त्या भिंतीजवळ झोपू नका. “आजची रात्र काढू, उद्या बघू,” असे म्हणू नका. मुलांना घेऊन शेजारी जा. भिंत पुन्हा बांधता येते.

कधी कधी पाऊस सगळे हिशेब मोडतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. जुलै २०१८ मध्ये वसईच्या मिठागर वस्तीला पाण्याने वेढले, आणि नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी आल्याने गाड्या थांबल्या. अशा वेळी चर पुरत नाही. पाणी घरात शिरण्यापूर्वीच विजेचा मेन स्विच बंद करा. ओल्या हाताने बटणाला शिवू नका.

शिधापत्रिका, सातबारा, वनहक्काच्या दाव्याचे कागद, मुलांचे शाळेचे दाखले हे सगळे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. डबा उंच जागी ठेवा, आणि तो कुठे आहे हे घरातल्या सर्वांना ठाऊक असू द्या.

घराचे नुकसान झाले, तर तलाठ्याला लगेच कळवा आणि पंचनामा करून घ्या. साफसफाईआधी फोटो काढा. पंचनाम्यात काय पडले, काय भिजले, हे बरोबर लिहिले आहे का, ते स्वतः वाचा. वाचल्यावरच सही करा. सरकारी मदत त्या कागदावर ठरते. आपण अक्षरे शिकलो ती अशा वेळी उपयोगी पडावीत म्हणूनच.

आता सांगा :

१. पाणी घरात किती बाजूंनी येते? तुमच्या घरात ते कुठून येते?

२. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा का करू नये?

३. आपले छप्पर मोजा. १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्यावरून किती लिटर पाणी उतरेल? ते जाईल कुठे, हे अंगणात जाऊन पाहा.