सत्तर वर्षांची वाट

वाचन : यिर्मया अध्याय २८ व २९

यिर्मया २९ मधील अकरावे वचन आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी भिंतीवर लावलेले असते. देवाचे संकल्प आपल्या हिताचे आहेत, ह्या आश्वासनाने दुःखितांना धीर येतो. परंतु हे वचन ज्या पत्रात आहे, ते पत्र आपण क्वचितच संपूर्ण वाचतो.

१. पत्र कोणाला?

इ. स. पू. ५९७ मध्ये नबुखद्नेस्सराने यरुशलेम घेतले आणि राजा, राजमाता, सरदार, कारागीर व लोहार ह्यांना बाबेलास नेले. मंदिर अद्याप उभे होते. त्यामुळे हे संकट थोड्या दिवसांचेच आहे, अशी पुष्कळांची समजूत होती.

२. दोन वर्षे की सत्तर?

दोन वर्षांत सर्व परत येतील, असे हनन्याने मंदिरात सर्वांसमक्ष सांगितले. त्यावर यिर्मयाने प्रथम ‘आमेन’ म्हटले, हे लक्षात घ्या. तसेच व्हावे, असे त्यालाही वाटत होते. पण आपली इच्छा म्हणजे देवाचे वचन नव्हे, हे तो जाणून होता. बाबेलची सत्तर वर्षे भरल्यावरच सुटका होईल, असे त्याने बंदिवानांना लिहिले. म्हणजे चाळिशीतल्या श्रोत्याला ती सुटका दिसण्याची आशा नव्हती! हे पत्र इतके झोंबले की, यिर्मयाला खोड्यात घालावे, अशी मागणी शमायाने बाबेलहून लिहून पाठविली.

३. वाट पाहणे म्हणजे काय?

हातावर हात ठेवून बसणे नव्हे. घरे बांधावी, मळे लावावे, मुलामुलींची लग्ने करावी, आणि ज्या नगरात नेले त्याच नगराच्या कल्याणासाठी प्रार्थना करावी, अशी आज्ञा होती. आणि ते नगर तर शत्रूचे!

आपणही वाट पाहतो. मुलाला नोकरी नाही, मुलीचे लग्न जमत नाही, घरातले दुखणे हटत नाही, कोर्टातला दावा संपत नाही. अमुक महिन्यात काम होईलच, असे देवाच्या नावाने छातीठोकपणे सांगणारे आजही भेटतात. त्यांचे बोलणे गोड लागते. पण मुदत टळली की विश्वासच डळमळतो. देवाने मुदत सांगितली नसेल, तर आपण ती ठरवू नये. आजचे काम मात्र त्याने सांगितले आहे, ते करावे.

४. शेवट काय झाला?

इ. स. पू. ५३९ मध्ये बाबेल पडले आणि कोरेश राजाने यहूद्यांना परत जाऊ दिले. पहिले मंदिर पाहिलेले काही वृद्ध परतले. पण बहुतेक जण बंदिवासात जन्मलेली मुले व नातवंडे होती. त्यांच्या वडिलांनी परक्या देशात संसार मांडले नसते, तर परतावयास कोण उरले असते? त्यांनी धीराने केलेले रोजचे कामच देवाने आपल्या योजनेत वापरले.

चर्चेसाठी प्रश्न

१. उत्तर मिळेपर्यंत म्हणून आपण कोणते कर्तव्य थांबवून ठेवले आहे?

२. बडोदे, इंदूर, हैद्राबाद अशा नगरांत आपण पिढ्यान्‌पिढ्या सुखाने राहत आलो. आपल्या नगरासाठी मंडळीत नियमाने प्रार्थना होते काय?

३. जे फळ आपल्या नातवंडांनाच मिळेल, त्यासाठी आज आपण काय लावीत आहो?