आत शिरायची दुसरी वाट

सर्व्हर बंद पडला तर तो पुन्हा चालू करता येतो. त्याच्यापर्यंत पोचायची वाटच बंद झाली, तर मात्र अनुभव, पदवी, प्रमाणपत्रं काहीच कामाला येत नाही. पुण्यात बसून नवी मुंबईच्या डेटा सेंटरमधली यंत्रं सांभाळताना मला हे कळलं. या कामात नव्याने येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगतो.

एका संस्थेच्या नेटवर्कमध्ये नवं व्हीलॅन जोडायचं होतं. काम बाहेरच्या कंत्राटदाराकडे होतं. त्यांच्या इंजिनिअरने रात्री, दुरूनच, मुख्य स्विचच्या ट्रंक पोर्टवर ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन’ ही कमांड दिली. तीत ‘अ‍ॅड’ हा शब्द राहिला. ‘अ‍ॅड’ असेल तर नवा क्रमांक जुन्या यादीत मिळवला जातो. नसेल तर जुनी यादी पुसली जाते आणि नवा क्रमांक तेवढा उरतो. मॅनेजमेंटचं व्हीलॅन त्या जुन्या यादीतच होतं. एंटर दाबताच त्याचं एसएसएच गोठलं, आणि आम्हा सगळ्यांचंही.

बदल सेव्ह झालेला नव्हता. कुणी स्विचची वीज काढून परत लावली असती, तरी जुनं कॉन्फिगरेशन चढून सगळं पूर्ववत झालं असतं. पण डेटा सेंटरमध्ये माणूस आत सोडायचा तर संस्थेच्या अधिकृत मेलवरून परवानगी लागे, आणि मेल सर्व्हर त्याच स्विचच्या मागे. रॅकचा क्रमांक, कन्सोलचा पासवर्ड, कुणाला फोन करायचा याची यादी, सगळं अंतर्गत विकीवर, तोही आतच. बिघाड झाल्यावर मेसेज पाठवणारं मॉनिटरिंगसुद्धा आत. घराची किल्ली घरातच ठेवून दार ओढून घ्यावं, तशी गत. शेवटी एका जुन्या छापील बिलावर डेटा सेंटरचा फोन नंबर सापडला, आणि संस्थेचा एक अधिकारी ओळखपत्र घेऊन स्वतः तिथे गेला. तोवर उजाडलं होतं.

सगळा राग त्या इंजिनिअरवर निघाला. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. एक शब्द कुणाकडूनही राहू शकतो. तो राहिल्यावर परत फिरायची सोय का नव्हती, हा खरा प्रश्न.

मोठ्यांचंही असं होतं. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, भारतात रात्री नऊच्या सुमारास, फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅप जगभर बंद पडलं, ते सुमारे सहा तास. देखभालीच्या कामातल्या एका कमांडने त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारं नेटवर्क तुटलं. अशी कमांड अडवणाऱ्या तपासणीतच दोष होता. डेटा सेंटरशी संपर्क तुटताच त्यांच्या डीएनएस सर्व्हरांनी आपले बीजीपी मार्ग मागे घेतले. आणीबाणीसाठी ठेवलेली वेगळी वाटही चालली नाही. माणसं प्रत्यक्ष पाठवावी लागली, आणि कडक सुरक्षेमुळे त्यांना आत शिरायलाही वेळ लागला.

म्हणून दुरून नेटवर्कला हात लावण्याआधी परतीची घड्याळं लावून ठेवा. सिस्कोवर ‘रीलोड इन १०’ देऊन बदल करा. सगळं ठीक दिसलं की रीलोड रद्द करा आणि मगच सेव्ह करा. जुनिपरवर ‘कमिट कन्फर्म्ड’ आहे: दहा मिनिटांत दुसऱ्यांदा कमिट केलं नाही, तर बदल आपोआप मागे जातो. उबुंटूवर ‘नेटप्लॅन ट्राय’ होकारासाठी १२० सेकंद थांबतं, नाही मिळाला तर बदल मागे घेतं. आयपीटेबल्समध्ये इनपुटची पॉलिसी ड्रॉप असताना नियम फ्लश करू नका. तुमचं स्वतःचं एसएसएच ज्या नियमावर टिकून असतं, तोही जातो.

आता दुसरी वाट. सर्व्हर दुरून चालू-बंद करू देणाऱ्या आयड्रॅक, आयएलओ यांच्या केबल मुख्य स्विचमध्ये खुपसू नका; एक साधा, वेगळा स्विच द्या आणि त्याला ४जी राउटर जोडा. आपल्याकडे मोबाइलच्या सिमला बहुधा पब्लिक आयपी मिळत नाही, म्हणून बाहेरून त्याला हाक मारता येत नाही. त्या राउटरनेच दुसरीकडच्या एखाद्या भाड्याच्या सर्व्हरला वायरगार्डने जोडलेलं राहावं. राउटरमध्ये त्या सर्व्हरचा पत्ता आकड्यांत लिहा. नाव लिहिलंत आणि डीएनएस तुमच्याच स्विचमागे असेल, तर पुन्हा तेच. आयड्रॅक, आयएलओ ज्यावर बोलतात ते आयपीएमआय मात्र थेट इंटरनेटवर कधीही उघडं ठेवू नका, त्यात पासवर्डचे हॅश बाहेर देणाऱ्या जुन्या त्रुटी आहेत. मॉनिटरिंगचा निदान एक डोळा बाहेरच्या सर्व्हरवर असू द्या. रॅकचा नकाशा, फोन नंबर आणि परवानगीची रीत कागदावर छापा, आणि तो कागद दोघांच्या घरी ठेवा.

हे सगळं उभारल्यावर एखाद्या रविवारी, सर्वांना कळवून, मुख्य लाइनची केबल काढा आणि घरून आत शिरून पाहा. कधी राउटरमधल्या प्रीपेड सिमची मुदत संपून ते बंद पडलेलं असतं, आणि केबल काढेपर्यंत कुणाला पत्ता नसतो. ते रिचार्ज कोण करणार, त्याचं नावही त्याच कागदावर लिहा.