हिरा-मोतीची गोष्ट

मंडळी, तुम्ही आता मराठी वाचू लागलात. मग एक गंमत ऐका. तुम्हाला हिंदीही वाचता येते! नवी अक्षरे शिकायला नकोत. मराठीची आणि हिंदीची लिपी एकच, देवनागरी. सिनेमातली आणि रेडिओवरची हिंदी आपल्या कानाला ओळखीची आहे. डोळ्यांना तेवढी सवय नाही.

ती सवय कशी लागते? आम्ही तीस वर्षे शाळेत हिंदी शिकवली. शब्दार्थ पाठ करून घेतले, परीक्षा घेतल्या. एकदा एक मुलगा बाकाखाली हिंदी गोष्टींचे पुस्तक वाचताना सापडला. आम्ही ते काढून घेतले, वर चार शब्द सुनावले. अहो, तो हिंदीच तर वाचत होता! पुढे तो पास झाला, पण त्याच्या हातात पुन्हा हिंदी पुस्तक आम्ही पाहिले नाही. चूक आमची.

नोकरी संपल्यावर आम्ही पुण्याला राहायला आलो आणि संध्याकाळच्या प्रौढ वर्गाला जाऊ लागलो. तेथे एक शेतकरी दादा येत. त्यांच्या हाती आम्ही प्रेमचंदांची 'दो बैलों की कथा' दिली. प्रेमचंद हे बनारसजवळच्या लमही गावचे मोठे लेखक. ते १९३६ साली वारले. गोष्टीतल्या बैलांची नावे हिरा आणि मोती. आपल्याकडेही असतात की! मालक झुरी त्यांना सासुरवाडीला पाठवतो. बैलांना वाटते, आपल्याला विकले. रात्री दावी तोडून ते घरी परत येतात.

पुढे एका ठिकाणी दादा अडले. शब्द होता 'काँजीहौस'. आम्ही म्हटले, "अर्थ राहू द्या, पुढे चला." पुढे वाचले तर काय? पुष्कळ जनावरे कोंडलेली, आणि कोणापुढे चाऱ्याची काडी नाही. दादा एकदम ओरडले, "अहो गुरुजी, हा तर कोंडवाडा! आमची गाय सोडवायला दोनदा दंड भरलाय मी!"

तो शब्द दादा आता विसरायचे नाहीत.

काही शब्द मात्र फसवतात. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. (आमच्या वर्गात दोन्ही एकच होते, असे जुने विद्यार्थी म्हणतात.) हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, थट्टा नव्हे. पुढचे वाक्य वाचले की घोटाळा उलगडतो.

ही काही आमचीच समजूत नव्हे. दूर समुद्रात फिजी नावाची बेटे आहेत. तेथे १९८० च्या सुमारास काही खेड्यांतल्या शाळांना इंग्रजी गोष्टींची अडीचशे चित्रमय पुस्तके दिली. मुलांची घरची भाषा इंग्रजी नव्हती. पण रोज थोडा वेळ गोष्टी वाचून ती मुले, नुसते धडे गिरवणाऱ्या मुलांच्या पुढे गेली.

पानात चार-पाच शब्द अडले तर चालेल. ओळीओळीला अडू लागलात तर पुस्तक खुशाल मिटा, सोपे घ्या. लहान मुलांचे पुस्तक घ्यायला लाजू नका. गोष्ट आवडली नाही तर अर्धी सोडा. कोणी परीक्षा घेणार नाही.

बाजाराला पुण्यात आलात तर अप्पा बळवंत चौकात चक्कर मारा. तेथे पुस्तकांची दुकाने ओळीने आहेत. जवळच बुधवार पेठेत पुणे नगर वाचन मंदिर आहे, १८४८ सालचे ग्रंथालय. गावात वाचनालय असेल तर आधी तेथे विचारा.

दादांची गोष्ट संपली तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. हिरा-मोती शेवटी घरी पोचले की नाही, ते आम्ही येथे सांगत नाही.