डॅफ्नियाचे एकवीस दिवस

पेलाभर पाण्यात शेंगदाण्याच्या तेलाचा एक थेंब टाका आणि चमच्याने जोरात ढवळा. पाणी पांढुरके दिसू लागेल. थोडा वेळ थांबलात, की तेल पुन्हा वर येऊन तरंगू लागेल. आता कोणी विचारले, 'या पाण्यात तेल किती?', तर काय सांगाल? टाकले तेवढे, की विरघळले तेवढे? प्रश्न साधा वाटतो. पण एखादा तेलकट पदार्थ जलचरांना किती बाधतो, याचा सारा निकाल त्याच्या उत्तरावर अवलंबून असतो.

खाद्यतेल म्हणजे मेदाम्ले आणि ग्लिसरॉल यांचे एस्टर. तेलाची मिथेनॉलशी रासायनिक क्रिया घडवली, की ग्लिसरॉल सुटे होते आणि मेदाम्लांचे मिथिल एस्टर तयार होतात. जैवडिझेल म्हणून ओळखले जाणारे इंधन मुख्यतः असल्याच एस्टरांचे असते. वंगणांत आणि सौंदर्यप्रसाधनांतही निरनिराळे एस्टर वापरतात. साहजिकच सांडपाण्याबरोबर ते नदीनाल्यांत पोचू शकतात. मग तेथल्या जीवांचे काय होते?

हे तपासण्यासाठी प्रयोगशाळेत एक चिमुकला प्राणी पाळतात. त्याचे नाव डॅफ्निया मॅग्ना. इंग्रजीत त्याला पाण्यातली पिसू म्हणतात, पण तो कीटक नव्हे. कोळंबी आणि खेकडे यांच्या कवचधारी कुळातला तो एक अपृष्ठवंशी प्राणी आहे. पूर्ण वाढलेली मादी फार तर ५ मिलिमीटर लांब. शरीर इतके पारदर्शक, की सूक्ष्मदर्शकाखाली तिचे धडधडणारे हृदय दिसते. ती पाण्यातले सूक्ष्म शैवाल खाते आणि मासे तिला खातात. परिस्थिती अनुकूल असली म्हणजे नराशिवायच तिला पिल्ले होतात. एकाच मादीच्या वंशातली ही पिल्ले जवळजवळ एकसारखी असल्यामुळे प्रयोगाला सोयीची पडतात.

पहिली चाचणी ४८ तासांची. एक दिवसाहूनही लहान पिल्ले पदार्थाच्या वेगवेगळ्या प्रमाणांत ठेवतात आणि किती पिल्लांची हालचाल थांबली ते मोजतात. परंतु दोन दिवस जगणे म्हणजे सुखरूप असणे नव्हे. डॅफ्नियाला पहिली पिल्ले होण्यास आठवडाभर तरी लागतो. एखादा पदार्थ तिला मारत नसेल, पण तिची वाढ खुंटवत असेल, पिल्ले कमी करत असेल, तर ते दोन दिवसांत कळणार कसे? आणि पिल्लेच झाली नाहीत, तर काही पिढ्यांत तळे ओस पडेल.

म्हणून दुसरी चाचणी २१ दिवसांची असते. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या २११ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत तिची पद्धत दिलेली आहे. निदान पाच वेगवेगळी प्रमाणे घेतात. नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक प्रमाणासाठी दहा पात्रे आणि पात्रात एकच मादी. तापमान १८ ते २२ अंश सेल्सियस. खाद्य शैवालाचे. पाणी आठवड्यातून निदान तीनदा बदलतात आणि जन्मलेली पिल्ले मोजून बाजूला काढतात. शेजारी साध्या पाण्याचा तुलनेचा गट असतोच. या गटातल्याच माद्या २० टक्क्यांहून अधिक मेल्या, किंवा जगलेल्या मादीमागे सरासरी ६० पिल्ले झाली नाहीत, तर प्रयोग बाद! कारण मग दोष पदार्थाचा की आपल्या निगराणीचा, हे सांगता येणार नाही.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. एस्टरच्या रेणूला सोळा-अठरा कार्बन अणूंची लांब शेपटी असते. त्यामुळे तो पाण्यात अत्यल्प विरघळतो. समजा, ५ सेंटिमीटर व्यासाच्या पात्रात ५० मिलिलिटर पाणी आहे. त्यात लिटरला १० मिलिग्रॅम या हिशेबाने मिथिल ओलिएट, म्हणजे अर्धा मिलिग्रॅम टाकले. त्याची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ०.८७ ग्रॅम, म्हणून घनफळ सुमारे ०.५७ घन मिलिमीटर. पाण्याच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ सुमारे १,९६० चौरस मिलिमीटर. सारे एस्टर वर सारखे पसरले असे धरले, तर थराची जाडी ०.०००२९ मिलिमीटर, म्हणजे २९० नॅनोमीटर येते. रेणूची लांबी अडीच नॅनोमीटरच्या आसपास. म्हणजे इतक्याशा पदार्थातही एकावर एक असे शंभराहून अधिक रेणू उभे राहतील एवढा थर होतो!

पोहताना वर आलेली डॅफ्निया अशा थरात अडकली, किंवा तेलाचे थेंब तिच्या अंगाला चिकटले, तर ती मरेल. पण हे मरण विषाने आले का? नाही. माशी तेलात बुडून मेली म्हणून तेल विषारी ठरत नाही. याच्या उलट चूकही घडते. एस्टर काचेला आणि शैवालाला चिकटते, जीवाणू ते खाऊन टाकतात. मग पाण्यात फारसे काही उरलेलेच नसते आणि आपण म्हणतो, 'दहा मिलिग्रॅमनेही काही झाले नाही!'

यावर उपाय काय? पदार्थ पाण्यात सावकाश ढवळतात, मग पाणी स्थिर होऊ देतात आणि वरचा थर टाळून खालचे पाणी काढून घेतात. त्यात पदार्थ खरोखर किती आहे ते पाणी बदलण्याआधी आणि नंतर मोजतात. द्राव्यतेच्या मर्यादेपर्यंत काही अपाय दिसला नाही, तर निष्कर्षही तेवढाच लिहायचा. त्यावरून तेल नदीत ओतायला हरकत नाही, असे मात्र ठरत नाही. तरंगणारा तवंग जीवांना अडकवतोच, आणि एस्टर कुजताना पाण्यातला प्राणवायूही खर्ची पडतो.

मापन करताना नेहमी विचारावे : मी जे मोजतो आहे असे म्हणतो, तेच मोजतो आहे ना? भौतिकशास्त्राच्या प्रयोगवहीत हा प्रश्न जितका खरा, तितकाच तळ्याच्या काठीही.

करून पाहा : दोन पेले घ्या. एकात साधे पाणी, दुसऱ्यात तेल टाकून ढवळलेले पाणी. अंधारात दोन्हींतून बॅटरीचा झोत सोडा. झोताचा मार्ग कोणत्या पेल्यात अधिक स्पष्ट दिसतो? का? रात्रभर ठेवून तेलाच्या पेल्यातले तळाचे पाणी नळीने काढा व पुन्हा पाहा. साध्या पाण्याचा पेला कशासाठी घेतला, तेही लिहा.