बाकांमधली फेरी

तीस वर्षं गणित शिकवलं, पण आपण नेमकं काय करून शिकवतो हे मला करोनात शाळा बंद झाल्यावर कळलं. तोवर एका वर्गाचं नुकसान होऊन गेलं होतं.

जून २०२०. दहावीचं वर्ष आणि शाळेला कुलूप. मुलाकडून स्लाइड बनवायला शिकलो. रात्री जागून रंगीत स्लाइड केल्या, चेहरा उजळ दिसावा म्हणून गोल दिवा आणला, पाठीमागचं कालनिर्णयही काढून टाकलं. फुकटची मीटिंग चाळीस मिनिटांत तुटायची, म्हणून चाळीस मिनिटं श्वास न घेता बोलायचो. ‘‘आवाज येतोय?’’ ‘‘हो सर.’’ ‘‘समजलं?’’ ‘‘हो सर.’’ बेचाळीसपैकी अडतीस हजर. मुख्याध्यापकांनी कौतुक केलं आणि मी फुगलो. एरवी वर्गात अडतीस जण एका सुरात ‘समजलं’ म्हणाले असते, तर मला तिथल्या तिथे संशय आला असता.

२३ नोव्हेंबरपासून नववी ते बारावीचे वर्ग भरवायला सरकारने मुभा दिली. आमच्या गावात डिसेंबर उजाडला. पहिल्या दिवशी सहज म्हणून फळ्यावर लिहिलं : १२ − (क्ष − ५) = १०. दहावीच्या मानाने हे किरकोळच. सवयीने बाकांमधून फिरायला लागलो. तिसऱ्या बाकावरच्या मुलीच्या वहीत होतं : १२ − क्ष − ५ = १०, म्हणून क्ष = −३. कंस सोडवताना उणे पाचचं अधिक पाच व्हायला हवं, ते झालंच नव्हतं. उत्तर ७. पुढच्या बाकावर तेच. त्याच्या पुढे तेच, फक्त अक्षर मोत्यासारखं. अशा चौदा वह्या निघाल्या. सहा महिने ही चूक वर्गसमीकरणांतून श्रेढीत बिनबोभाट हिंडत होती आणि मी स्लाइडचे रंग जुळवत होतो.

त्या मुलीचा ऑनलाइन तास एकही चुकला नव्हता. विचारलं, तर म्हणाली, ‘‘सर, आई कामावर जायची. फोन ओट्यावर ठेवून मी भाकऱ्या करायचे. ऐकू यायचं सगळं.’’ म्हणजे बीजगणित तिने रेडिओसारखं ऐकलं होतं.

तेव्हा लक्षात आलं, वर्गात मी फळ्यापाशी असतो त्याहून जास्त वेळ बाकांमध्ये असतो. वाकून वही बघायची, एका ओळीवर बोट ठेवायचं, ‘‘हे चिन्ह?’’ एवढंच म्हणायचं आणि पुढे सरकायचं. शिकवणं खरं तिथे होत होतं. ऑनलाइन जाताना मी फळा तेवढा बरोबर नेला, फेरी शाळेतच विसरलो.

त्या मुलांची बोर्डाची परीक्षा झालीच नाही. दुसऱ्या लाटेत ती रद्द झाली, नववीच्या आणि शाळेतल्या गुणांवर निकाल लागला आणि राज्यात ९९.९५ टक्के मुलं पास झाली. माझं अपयश कुठल्याही गुणपत्रिकेवर आलं नाही. अकरावीच्या मास्तरांना ते भेटलं असेल.

जून २०२१ ला नवी तुकडी आली, पुन्हा ऑनलाइनच. या वेळी आधी स्लाइड टाकून दिल्या. दोन डबे, त्यांवर लाकडी पट्टी, पट्टीवर कॅमेरा खाली करून फोन आणि त्याखाली कोरा कागद. मुलांना माझा हात दिसायचा, आकडा उमटताना दिसायचा, खोडलेलंही दिसायचं. पुढे वाचनात आलं, की २०१४ मध्ये एडएक्स या अमेरिकी संकेतस्थळावरच्या व्हिडिओ पाहिल्याच्या ६९ लाख नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. व्हिडिओ कितीही लांब असो, लोक साधारण सहा मिनिटांपलीकडे टिकत नव्हते. हाताने लिहून दाखवलेलं त्यांना स्लाइडपेक्षा जास्त धरून ठेवत होतं. गोल दिव्याचे पैसे वायाच गेले म्हणायचे.

चाळीस मिनिटांचं व्याख्यान मोडलं. नवीन भाग सहा-सात मिनिटांत रेकॉर्ड करून आदल्या संध्याकाळी पाठवायचा, कारण बापाबरोबर फोन तेव्हाच घरी येतो. दुसऱ्या दिवशी दहा-दहाच्या गटाने पंचवीस मिनिटं फक्त गणितं सोडवायची. सुरुवात मागच्या आठवड्यातल्या एका गणिताने, वही बंद ठेवून. पुन्हा वाचलं की येतंय असं वाटतं. आठवायला बसलं की खरं काय ते बाहेर पडतं.

सगळ्यांत उपयोगी पडली ती एक साधी युक्ती. प्रश्न टाकायचा आणि सांगायचं : उत्तर लिहून ठेवा, पण मी ‘पाठवा’ म्हणेपर्यंत पाठवू नका. नाहीतर हुशार पोराचं उत्तर आधी येतं आणि बाकीचे त्याचीच री ओढतात. ‘पाठवा’ म्हटलं की दहा उत्तरं एकदम पडतात. मात्र गणितच असं निवडायचं, की चुकीचं उत्तर चुकीची जागा सांगेल. वरच्या गणितात −३ आला की समजावं, पोर कंसात अडखळलं. −७ आला तर कंस जमलाय, शेवटची बाजू बदलताना चिन्ह गळलंय. दोघांना एकच गोष्ट पुन्हा सांगणं व्यर्थ. असा एकेक प्रश्न शोधायला मला स्लाइड करण्याहून जास्त वेळ लागतो, पण तो वेळ सार्थकी लागतो.

मग वह्या. रोज आठच मुलांकडून पानाचा फोटो मागवायचा आणि त्याच दिवशी अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप पाठवायचा : ‘‘तिसरी ओळ पुन्हा बघ.’’ उत्तर नाही सांगायचं. सगळ्यांच्या वह्या रोज तपासायचा हट्ट मी पहिल्या आठवड्यातच सोडला; चार दिवसांनी आलेली शाबासकी कुणाच्याच कामाची नसते.

ज्यांच्याकडे फोनच नव्हता, अशी चार मुलं होती. त्यांच्यासाठी प्रश्नांचे कागद किराणा दुकानात ठेवायचो आणि बाजाराच्या दिवशी सोडवलेले परत घ्यायचो. या बाबतीत ऑनलाइनची महती सांगणाऱ्यांनी थोडं गप्प बसावं. घरबसल्या शिकणं काही फोनने सुरू झालेलं नाही; नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घरबसल्या माणसं शिकवतंय, तेही छापील पुस्तकांच्या आणि अभ्यासकेंद्रांच्या आधाराने.

शिक्षकमित्रांना एक विनंती. मुलांना ‘कॅमेरा चालू करा’ म्हणून दटावू नका. मागे पत्र्याची भिंत असते, कुणी आजारी झोपलेलं असतं. कॅमेरा वहीवर धरायला सांगा, बहुतेक सगळे धरतात.

आणि पालकांनो, मुलासाठी ऑनलाइन क्लासचे पैसे भरण्याआधी समोरच्याला एवढंच विचारा : माझ्या मुलाची वही कोण बघणार आणि किती तासांत? उत्तरादाखल व्हिडिओ किती सुंदर आहेत याचं वर्णन सुरू झालं, तर पैसे खिशातच राहू द्या.